हलकी रुई आणि सांडलेले तेल

ज्या रुईचा मायक्रोनेअर कमी, तिला बाजारात भाव नाही. धागा कच्चा, रंग नीट धरत नाही. आम्ही कापडवालेही असा माल नाकारतो. मात्र अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठात प्रा. शेषाद्री रामकुमार यांच्या चमूने 2013 मध्ये दाखवून दिले, की हीच रुई आपल्या वजनाच्या 30 पटींहून अधिक कच्चे तेल धरते.

कारण साधे आहे. कच्च्या रुईवर नैसर्गिक मेण असते. ते पाणी दूर ठेवते, तेल ओढते. धागा बारीक, म्हणून तेल चिकटायला जागाही जास्त. मेण धुतले की हा गुण गेला. दवाखान्यातला कापूस पाणी पिऊन बुडतो. खात्री हवी असेल तर परातीतल्या पाण्यावर थोडे तेल टाकून दोन्ही सोडून पाहावेत.

ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ दोन जहाजे धडकली आणि तेल किनाऱ्याला लागले. असे प्रसंग रोजचे नाहीत, पण गॅरेजात, यंत्रमागाखाली तेल रोजच सांडते. आमच्या मते खरे गिऱ्हाईक तिथे आहे. पिंजारी बांधवांनी रुई न धुता पिंजून जाळीदार कापडात उशीसारखी शिवावी. अमेरिकेतला आकडा आपल्या मालावर छापू नये. स्वतः तोलून जे भरेल तेच सांगावे. तेल प्यालेली उशी उघड्यावर टाकू अगर जाळू नये, हेही गिऱ्हाईकाला विकतानाच बजावावे.