गवतांच्या वाणांची तुलना

बाजरी आणि हत्तीगवत यांच्या संकरातून निर्माण झालेले गवत बीजधारणा करीत नाही. बाजरीच्या पेशीत 14 गुणसूत्रे असतात, हत्तीगवताच्या पेशीत 28; संकरात ती 21 होतात आणि बी वांझ ठरते. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘यशवंत’ व ‘फुले जयवंत’ हे वाण मुळासकट ठोंबांनी किंवा खोडाच्या कांड्यांनीच लावावे लागतात. तुलनेतील पहिली अडचण येथेच उद्भवते.

ठोंबाला आयती मुळे असतात. कांडीला ती नव्याने फोडावी लागतात. एक वाण ठोंबांनी व दुसरा कांड्यांनी लावला, तर पहिल्या कापणीत दिसणारा फरक काही वाणाचा असतो, काही लागवडीचा, आणि तराजू या दोहोंची फारकत करू शकत नाही. अंतराचेही तसेच. 90 × 60 सेंटिमीटरवर हेक्टरी सुमारे 18,500 ठोंबे बसतात, 60 × 60 वर सुमारे 27,800. भरपूर फुटवे करणारा वाण मोकळी जागा भरून काढतो. मोजके फुटवे करणाऱ्याला ते साधत नाही. शिवाय वाफ्याच्या कडेच्या ओळींना ऊन व अन्न अधिक मिळते. त्या वगळून मधल्या ओळींचेच वजन घ्यावयास हवे.

मग सर्वांना एकाच रीतीने लावून सारखेच खत द्यावे, असे कोणी म्हणेल. तेवढ्याने न्याय होत नाही. भरपूर नत्रावर आघाडी घेणारा वाण नत्र तुटपुंजे असता मागे पडू शकतो. एकाच मात्रेवरील प्रयोग त्या मात्रेपुरतेच उत्तर देतो. वाण आणि खत यांच्या अशा परस्परपरिणामाला संख्याशास्त्रात आंतरक्रिया म्हणतात. तो पकडण्यासाठी मोठ्या वाफ्यांना खताच्या निरनिराळ्या मात्रा देतात, प्रत्येक वाफ्याचे तुकडे पाडून त्यांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाण वाटतात, आणि हा सारा संच अनेकदा लावतात. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे घडविलेले हे शास्त्र भारतीय कृषिसंशोधकांच्या हाती देण्यात वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांच्या 1954 च्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे.

हिरवे वजनही फसवे असते. नत्राने पाला रसरशीत होतो, म्हणजे त्यात पाणी वाढते. समजा, एका वाणाचा 100 किलो चारा मिळाला व त्यात शुष्कांश 15 टक्के आहे. दुसऱ्याचा 80 किलो व शुष्कांश 20 टक्के. जनावराच्या पोटात पहिल्याचे 15 किलो जातात, दुसऱ्याचे 16.

खताच्या परिणामामागे जमीन उभी असते. रायपूरच्या परिसरात उंचावर मुरमाड भाठा, तिच्याखाली मटासी व डोरसा आणि सखल भागात काळी कन्हार अशी उतरंड आढळते. भाठ्यात पावसाबरोबर नत्र झरपते. कन्हारीत ओल टिकते. कन्हारीवर भरघोस खतात पहिला आलेला वाण भाठ्यावर, केवळ शेणखतावर, पहिला येईलच असे नाही. आणि हे गवत बहुवर्षायू असल्याने चुकलेली निवड लहान शेतकऱ्याच्या एकुलत्या तुकड्यात काही वर्षे ठाण मांडून बसते. त्याने दोन-तीन वाणांच्या चार-चार ओळी आपल्याच जमिनीत, आपल्याच खतावर, एकाच दिवशी आणि एकाच वयाच्या ठोंबांनी लावाव्यात, व वर्षभरातील सर्व कापण्यांचा वाळलेला चारा तोलावा.