मदरबोर्डाने हात आखडता घेतला तर

मदरबोर्ड बदलल्याने प्रोसेसरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढतो काय, हा प्रश्न संगणक घेऊ पाहणारे लोक मला वारंवार विचारतात. आणि दुकानदार त्याचे उत्तर आपल्या सोयीप्रमाणे देत असतो, म्हणजे महाग बोर्ड खपवावयाचा असेल तर ‘वाढतो’, आणि बोर्डात काटकसर करवून मोठा प्रोसेसर गळी उतरवावयाचा असेल तर ‘बोर्डाने काही होत नाही, साहेब’. दोन्ही उत्तरे अर्धीच खरी. बोर्ड पदरचा वेग देऊ शकत नाही. दुसऱ्याचा वेग अडवून धरण्याचा अधिकार मात्र त्याच्यापाशी पुरेपूर आहे.

पूर्वी हा अधिकार आणखी मोठा होता. मेमरीचा कारभार पाहणारा नियंत्रक ज्या काळी बोर्डावरील चिपसेटात बसे, त्या काळी एकच प्रोसेसर एका बोर्डावर चपळ तर दुसऱ्यावर मंद भासे, आणि जाणकार गिऱ्हाईक चिपसेटाचे नाव विचारल्यावाचून पैसे मोजीत नसे. २००३ साली एएमडीने ॲथलॉन ६४ बरोबर आणि २००८ साली इंटेलने नेहेलम पिढीबरोबर हा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटात नेला, पाठोपाठ ग्राफिक्स कार्डाच्या मुख्य मार्गिकाही तेथेच गेल्या, आणि बोर्डाकडे मुख्यतः रसद पुरविण्याचे खाते उरले. आज घात होतो तो या खात्यात.

साताऱ्याकडील एका परिचित छायाचित्रकारांनी लग्नाच्या चित्रफितींचे संपादन करण्यासाठी कोअर आय-७ १२७०० हा बारा कोअरचा प्रोसेसर घेतला आणि दुकानदाराच्या शब्दावर विसंबून त्याखाली एच-६१० चिपसेटाचा, दुकानात होता त्यांतला सर्वांत स्वस्त बोर्ड बसविला. एक्सपोर्टचा हिरवा पट्टा आरंभी झपाट्याने सरकतो आणि मग रेंगाळतो, अशी त्यांची तक्रार होती. दुकानदाराने पेस्ट पुन्हा लावली, पंखा बदलला, विंडोज नव्याने घातली. गुण आला नाही. मी बाजूचे झाकण काढून, यंत्रातील वेग व तापमान दाखविणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅमचा तक्ता पडद्यावर लावला, तेव्हा काम सुरू होताच मोठ्या कोअरांचा आकडा ४.५ गिगाहर्ट्झवर गेला, थोड्या वेळाने ३ च्या खाली कोसळला, पुन्हा चढला, पुन्हा कोसळला. आणि या सर्व काळात प्रोसेसरचे तापमान साठ अंशांच्या आसपास निवांत होते. प्रोसेसर थंड असून धावत नसेल तर त्याला कोणीतरी धरून ठेवलेले असते, हे येथे ओळखावे. घरातला टेबलफॅन आणून त्याचा झोत प्रोसेसरच्या डाव्या बाजूस असलेल्या उघड्या, काळ्या, चौकोनी मॉस्फेटांच्या रांगेवर सोडला, आणि आकडा वर जाऊन स्थिर राहिला. निदान एवढ्यावर झाले.

त्याची कारणमीमांसा अशी. पॉवर सप्लायकडून येणारा १२ व्होल्टचा दाब प्रोसेसरच्या उपयोगाचा नसतो; तो सव्वा व्होल्टाच्या आसपास उतरविण्याचे काम बोर्डावरील व्हीआरएम नावाचे मंडल करते. या प्रोसेसरची मूळ वीज ६५ वॅट, पण पूर्ण जोर लावताना तो १८० वॅटपर्यंत मागणी करतो, म्हणजे सव्वा व्होल्टाच्या हिशेबाने जवळजवळ १४५ अँपिअरचा प्रवाह त्या इवल्या मॉस्फेटांतून वाहावा लागतो. त्यांची संख्या मोजकी असली आणि डोक्यावर हीटसिंक नसला, तर ते तापतात, बोर्ड आपला जीव वाचविण्यासाठी प्रोसेसरला मंदावण्याचा हुकूम पाठवितो, आणि प्रोसेसर तो मुकाट्याने पाळतो. काही बोर्डांवर तर बायोसमध्येच ६५ वॅटची मर्यादा घालून ठेवलेली असते. दाद मागावी तरी कोठे? कारखान्याने लेखी हमी दिलेली असते ती ६५ वॅटवरील २.१ गिगाहर्ट्झची, त्यावरचा सर्व वेग ही मेहेरबानी, आणि याच सबबीवर आमच्या छायाचित्रकारांचा वॉरंटीचा अर्ज नामंजूर झाला. अखेर हीटसिंक असलेला मध्यम किमतीचा बी-६६० बोर्ड घातला. प्रोसेसर तोच, रॅम तीच, आणि पट्टा शेवटपर्यंत एका चालीने सरकू लागला.

यावरून बोर्डावर पैसे उधळावेत असा अर्थ मात्र काढू नये. रसद पुरेशी झाल्यावर तिप्पट किमतीच्या बोर्डाने पदरात पडतो तो एकदोन टक्क्यांचा फरक. आणि जोर लावूनही ८९ वॅटच्या पुढे न जाणाऱ्या कोअर आय-३ १२१०० सारख्या प्रोसेसरला साधा एच-६१० बोर्ड उत्तम चालतो. रॅमची एकच पट्टी घालून दुसरा स्लॉट रिकामा ठेवणाऱ्याने तर बोर्डाला दोष देऊच नये. डीडीआर-४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट वाहते, जोडी ५१.२.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत चौकशी वेगळी करावी लागते. लांबीने सारखे दिसणारे दोन स्लॉट आतून सारखे असतातच असे नाही. खालच्यात पुष्कळदा चारच मार्गिका जोडलेल्या असतात, आणि त्याही चिपसेटातून फिरून येणाऱ्या. कार्ड बसविल्यावर जीपीयू-झेड या प्रोग्रॅममधील बस इंटरफेसची ओळ वाचावी; मोठ्या कार्डापुढे तेथे ‘सोळा’ ऐवजी ‘चार’ दिसले तर आधी कार्ड वरच्या स्लॉटात हलवावे. वरच्याच स्लॉटात असूनही निम्म्या मार्गिका दिसल्या, तर एम-२ स्लॉटातील एखादी एसएसडी त्या खात नाही ना, हे बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावे. जानेवारी २०२२ मध्ये निघालेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीला मुळातच चार मार्गिका आहेत. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस बोर्डावर त्यांची वाहतूक निम्मी होते, आणि कार्डाची ४ गिगाबाइट मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो. असे कार्ड जुन्या यंत्रासाठी घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही, आणि नेमके जुन्या यंत्रांचे मालकच ते स्वस्त म्हणून घेतात.

आखडत्या हाताइतकाच सढळ हातही अनिष्ट. कोअर आय-९ १३९०० केची कमाल मर्यादा २५३ वॅट असताना पुष्कळ महाग बोर्ड बायोसमध्ये ४०९६ वॅट लिहून, म्हणजे मर्यादाच उठवून, विकले गेले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे असे कित्येक प्रोसेसर पुढे अवेळी कोलमडू लागले. दोष प्रोसेसरच्या आतील मायक्रोकोडात होताच, पण इंटेलने २०२४ साली जी कारणे जाहीर केली त्यांत बोर्डांच्या या मोकाट तरतुदींचाही समावेश होता. त्या पिढ्यांचा प्रोसेसर ज्याच्या घरी आहे त्याने ऑगस्ट २०२४ नंतरचा बायोस घालून इंटेलच्या मूळ मर्यादा कायम कराव्यात.

नवे यंत्र घेणाऱ्यास एक गोष्ट सुचवितो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, दरपत्रकावर नुसते ‘एच-६१० बोर्ड’ किंवा ‘बी-६६० बोर्ड’ असे लिहून देण्याचा प्रघात आहे. ते चिपसेटाचे नाव झाले, बोर्डाचे नव्हे. एकाच चिपसेटावर हीटसिंकवाले आणि उघडे असे दोन्ही बोर्ड निघतात. तेव्हा मॉडेलाचे पूर्ण नाव दरपत्रकावर लिहून घ्यावे, त्याचे छायाचित्र मोबाइलवर काढून प्रोसेसरच्या डाव्या बाजूस धातूचा ठोकळा आहे किंवा नाही हे डोळ्यांनी पाहावे, आणि मगच बयाणा द्यावा.