क्रांती चौकातलं इंग्रजी

फायनल इयर आलं की आपण इंग्रजी ग्रामरचं पुस्तक शोधायला लागतो. आजोबांच्या पिढीतले कितीतरी जण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले. तिथे मराठी वाक्यं इंग्रजीत करायची असत. आपल्या बऱ्याचशा चुकाही मराठी वाक्यातूनच येतात.

आमचा एक मित्र विषयात पक्का, पण ग्रुप डिस्कशनमध्ये चुकण्याच्या भीतीने गप्प बसायचा. त्याच्यासाठी आम्ही 'शहरातल्या एका जागेविषयी बोला' हा प्रश्न घेतला. जागा ठरली क्रांती चौक.

पहिलंच वाक्य आलं, 'द न्यू स्टॅच्यू हॅज बीन इनॉगरेटेड इन २०२२.' मराठीत 'झालेलं आहे' चालतं. इंग्रजीत साल किंवा 'यस्टरडे' आलं की 'हॅज' गेलं, साधा भूतकाळ हवा. शिवाय पुतळ्याचं आपण मराठीतही उद्घाटन नाही, अनावरण करतो. म्हणून 'द न्यू स्टॅच्यू वॉज अनव्हेल्ड इन फेब्रुवारी २०२२.'

खरा वाद झाला 'पासून'वर. 'आय अ‍ॅम लिव्हिंग निअर क्रांती चौक सिन्स थ्री इयर्स.' यात दोन चुका आहेत. मराठीत 'तीन वर्षांपासून राहतो' हा वर्तमानकाळ, इंग्रजीत मात्र 'हॅव बीन लिव्हिंग'. आणि आपला 'पासून' सालालाही लागतो, मुदतीलाही. इंग्रजीत सुरुवात सांगायला 'सिन्स', मुदत सांगायला 'फॉर'. म्हणजे 'सिन्स २०२२', पण 'फॉर थ्री इयर्स'. युक्ती त्या गप्प मित्रानेच काढली: कॅलेंडरवर किंवा घड्याळात एका जागी बोट ठेवता आलं तर 'सिन्स'! नियम पाठ करण्यापेक्षा हे मला जास्त पटलं.

'समोर' तर पत्ताच चुकवतो. दुकानाच्या दारातली गाडीही समोर आणि रस्त्यापलीकडचं दुकानही समोर. जालना रोड ओलांडायचा असेल तर 'ऑपोझिट' म्हणा, नाहीतर 'इन फ्रंट ऑफ' ऐकून पाहुणा अलीकडेच थांबेल. 'मागच्या बाजूला' म्हणजे 'बिहाइंड'. 'बॅकसाइड'चा दुसरा अर्थ डिक्शनरीत बघा, फक्त मॅडमना विचारू नका!

'डिस्कस अबाउट'मधलं 'अबाउट' काढून टाका, 'डिस्कस'च्या पोटात 'विषयी' आहेच.

राहिला आपला लाडका 'च'. 'मी तिथेच राहतो'चं आपण 'आय लिव्ह देअर ओन्ली' करतो. 'ओन्ली' म्हणजे फक्त. इथे नुसता जोर द्यायचाय, म्हणून 'दॅट्स व्हेअर आय लिव्ह' म्हणा.