जवानाचे घर आणि मुलांचा ताबा



फील्ड एरियात जवानाला कुटुंब नेता येत नाही. पीस स्टेशनला क्वार्टर मिळाली तरी काही वर्षांत बदली येते. मग मुलांची शाळा बदलते, नाहीतर आई मुलांना घेऊन गावीच राहते. या दुराव्यात काही संसार मोडतात आणि प्रश्न उभा राहतो, मुले कोणाकडे? आज आपण त्यावर विचार करू या.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

विवाह संस्काराचे बंधन कोर्टाच्या घटस्फोटाने सुटत नाही. मात्र मुलांची काळजी किंवा कायदेशीर हक्क दुसऱ्या मार्गाने सुरक्षित होत नसतील, तर दिवाणी घटस्फोट घेणे हा नैतिक अपराध ठरत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (2383) सांगतो. पतिपत्नी विभक्त झाली तरी मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची तरतूद झालीच पाहिजे, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे (कॅनन 1154). पतिपत्नी वेगळी होतात, पण आईबाप हे आईबापच राहतात.

कायदा काय म्हणतो?

आपल्याला 1869 चा घटस्फोट कायदा लागू आहे. 2001 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. खटला चालू असतानाही मुलांचा ताबा, खर्च व शिक्षण यांबाबत कोर्ट हुकूम देऊ शकते. पालक नेमताना मुलाचे हित पाहावे, मूल समजत्या वयाचे असल्यास त्याचे मतही विचारात घेता येते, असे 1890 चा पालक व पाल्य कायदा सांगतो.

जवानाला रजा मिळत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 28 नुसार तो आपल्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार दुसऱ्या व्यक्तीला देऊ शकतो. दुसरीकडे, पत्नी व मुलांच्या निर्वाहासाठी जवानाच्या पगारातून रक्कम कापण्याची तरतूद 1950 च्या सेना कायद्यात आहे. म्हणजे सीमेवरचा बाप असहाय नाही आणि गावी राहिलेली आईही निराधार नाही.

आपण काय करावे?

ड्युटीवर असणे म्हणजे मुलाला टाकून देणे नव्हे. "बाप वर्षभर फिरकला नाही," हे वाक्य मुलासमोर उच्चारण्यापूर्वी त्याला रजा मिळाली होती का, हे पाहावे. तसेच एकटीने घर सांभाळणाऱ्या आईचे कष्ट बापाने कमी लेखू नयेत. तडजोड लिहिताना रजेतील भेटी, फोनची वेळ आणि शाळेचा खर्च वकिलाकडून स्पष्ट नमूद करून घ्यावा. बदली झाली तर काय, हेही लिहावे. मुलाला ओलीस ठेवू नका, अशी कळकळीची विनंती दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात विभक्त आईबापांना केली होती.

आपली धर्मग्रामस्थ म्हणूनही जबाबदारी आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात अशा मुलाला घरातल्या भांडणाविषयी विचारू नये. त्याच्या पहिल्या कम्युनियनची तारीख आई आणि बाप दोघांनाही वेळेवर कळवावी, म्हणजे रजेचा अर्ज करता येईल. आणि केवळ घटस्फोट झाला म्हणून कोणी ख्रिस्तप्रसादाला मुकत नाही, हे ध्यानात ठेवून अशा आईबापांना मिस्सामध्ये आपल्या शेजारी जागा द्यावी.

चिंतनासाठी: आपल्या ओळखीच्या अशा घरातील मुलाला आपल्या बोलण्याने आधार मिळतो, की त्याला एक बाजू घ्यावी लागते?

प्रभू येशू, बालकांना जवळ घेणाऱ्या तारका, सैनिकांच्या लेकरांना सांभाळ. आमेन.