पेंढ्याच्या यंत्राचा रोलर कसा दुरुस्त झाला



आपण नाणे मावळात राहतो. इथे पाऊस फार, म्हणून भात फार, आणि म्हणून पेंढाही फार. आमच्या खाचरात इंद्रायणी भात असतो. ही जात आपल्याच तालुक्यात, वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाली व १९८७ साली शेतकऱ्यांना मिळाली, असे गुरुजींनी सांगितले. तांदूळ आपण खातो आणि पेंढा गुरे खातात. उन्हाळ्यात डोंगरावर गवत राहत नाही. तेव्हा आमच्या दोन म्हशी आणि एक गाय पेंढ्यावरच दिवस काढतात.

पूर्वी भात झोडून पेंढ्या हाताने बांधत. यंदा आम्ही भात काढायला हार्वेस्टर आणला. त्यातून पेंढा मोकळा पडतो. तो गोळा करायला बाबांनी गोल गठ्ठे बांधायचे यंत्र भाड्याने आणले. त्याला बेलर म्हणतात. गोल गठ्ठ्याचा एक बेलर अमेरिकेत १९४७ साली विकायला आला होता. म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी!

यंत्र कसे चालते?

बेलर ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. पुढचे दाते पेंढा उचलून आत ढकलतात. आत लोखंडी रोलर गोलाकार बसवलेले असतात. मी मोजले, दहा होते. सगळे रोलर साखळीने फिरतात. त्यांच्यामध्ये पेंढा गोल गोल फिरतो आणि घट्ट होतो, जशी आई चटई गुंडाळते तसा. मग त्याच्यावर सुतळी गुंडाळली जाते, मागचे दार उघडते आणि गठ्ठा धपकन बाहेर पडतो. आम्ही एक गठ्ठा काट्यावर ठेवला, तर २२ किलो भरला.

काय बिघडले?

वरच्या खाचरात काम चालू होते. आभाळ भरून आले होते, म्हणून सगळे घाईत होते. तेवढ्यात करकर आवाज झाला आणि जळका वास आला. एक रोलर फिरेना. आत पेंढा अडकला. ड्रायव्हरकाका खाली उतरले आणि यंत्र चालू असतानाच पेंढा ओढायला हात पुढे केला. आजी बांधावरून ओरडली, "अरे बाबा, आधी ट्रॅक्टर बंद कर! पेंढा पुढच्या वर्षी पण येईल, हात येणार नाही!"

काकांनी हात मागे घेतला. ट्रॅक्टर बंद केला आणि चावी खिशात टाकली.

हे मी का लिहिले? ट्रॅक्टरच्या मागचा जो दांडा बेलरला फिरवतो, त्याला पीटीओ म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. भागाकार करून बघा. ५४० भागिले ६० म्हणजे ९. एका सेकंदात नऊ फेरे! आपण "अगं आई" म्हणेपर्यंत बाही, ओढणी किंवा हात गुंडाळला जाईल.

रोलरचे टोक इतके तापले होते की जवळ हात नेला तरी चटका बसत होता. पेंढा वाळलेला असतो, त्यामुळे आगही लागली असती. गार होईपर्यंत आम्ही थांबलो. मग रोलर काढला आणि बाबांबरोबर मी कामशेतला वेल्डिंगच्या दुकानात गेलो.

दुरुस्ती कशी केली?

१) मिस्त्रीकाकांनी रोलरच्या टोकाला गुंडाळलेला पेंढा आणि सुतळी सुरीने कापली. मूठभर निघाली, पण लाकडासारखी कडक झाली होती. ती बेअरिंगच्या झाकणात घुसली होती. त्यामुळे ग्रीस बाहेर गेले, धूळ आत गेली आणि बेअरिंगच्या गोळ्या फुटल्या.

२) जुने बेअरिंग पुलरने ओढून काढले. आतला दांडा झिजला होता. ३५ मिलिमीटर पाहिजे, तो ३३ भरला.

३) झिजलेल्या जागी वेल्डिंगने लोखंड भरले. एकाच बाजूला सलग मारले तर दांडा तापून वाकतो. म्हणून थोडे या बाजूला, थोडे समोरच्या बाजूला, असे भरले.

४) गार झाल्यावर लेथवर लावून बरोबर ३५ मिलिमीटर केला.

५) मग रोलर हळू फिरवून त्याच्याजवळ खडू धरला. रोलर सरळ असेल तर खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटते. आमच्या रोलरवर ती एकाच बाजूला उमटली, म्हणजे तो थोडा वाकला होता. तो प्रेसमध्ये दाबून सरळ केला. खडू फक्त फळ्यासाठी नसतो, हे मला तेव्हा कळले.

६) नवीन बेअरिंग बसवताना आतल्या कडीवर पाइप ठेवून ठोकले. बाहेरच्या कडीवर ठोकले तर नवीन बेअरिंगही खराब होते.

मिस्त्रीकाकांनी मला एक गंमत सांगितली. बेअरिंगवर ६२०७ असे लिहिले होते. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणायचे. ७ गुणिले ५ बरोबर ३५. तीच दांड्याची जाडी! शेवटचे आकडे ०४ किंवा त्यापुढचे असले की हा हिशोब जमतो.

घरी येऊन रोलर बसवला, ग्रीस भरले, आधी हाताने फिरवून बघितला आणि मगच ट्रॅक्टर चालू केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ४१ गठ्ठे झाले. संध्याकाळी अवकाळी पाऊस आलाच. खालच्या खाचरातला पेंढा राहून गेला. तो भिजून काळा पडला. म्हशीपुढे टाकला तर तिने नुसता वास घेतला आणि तोंड फिरवले. बाबा म्हणाले, "रोज संध्याकाळी दोन मिनिटं टोकं साफ केली असती, तर हा एक दिवस गेला नसता."

लक्षात ठेवा

१) यंत्राजवळ जाण्याआधी ट्रॅक्टर बंद, चावी खिशात.
२) काम संपल्यावर रोलरची टोके साफ करावीत आणि ग्रीस द्यावे.
३) करकर आवाज किंवा जळका वास आला की लगेच थांबावे.
४) आपण मुलांनी बांधावरूनच बघावे.

तुमच्यासाठी प्रश्न: बेअरिंगवर ६२०९ लिहिले असेल तर दांडा किती मिलिमीटरचा? उत्तर मला मधल्या सुट्टीत सांगा. पालकांनी सांगितले तरी चालेल!

— इयत्ता चौथी