सुकेळ्याचा तपकिरी रंग

आगाशीच्या सुकेळ्यांचा लौकिक जुना आहे. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांतही त्यांची वाखाणणी आहे. सुकेळें तपकिरी कां होतें हें बागायतदारांस कळल्यास, माल फिकट दिसावा म्हणून गंधकाची धुरी देण्याचा मोह टळेल.

कच्च्या गरांत शेंकडा सुमारें २० भाग पिष्ट असतें व पिकतांना त्याची बहुतेक साखर होते. म्हणून अर्धवट पिकलेलें राजेळी केळें सोलूं नये. राहिलेलें पिष्ट उन्हानें गोड होत नाहीं.

केळें सोलतांच गरांतील डोपामीन नांवाचें द्रव्य हवेंतील प्राणवायु घेऊन काळवंडतें. प्राणवायूचा मारा असा स्वतःवर घेऊन इतर घटकांस वांचविणाऱ्या द्रव्यांस प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. जपानांत २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत कॅव्हेंडिश केळ्याच्या गरापेक्षां सालींत तें कितीतरी पट अधिक आढळलें. राजेळी जात निराळी, तेव्हां ते आंकडे तिला जसेच्या तसे लावूं नयेत.

सारांश, हा रंग कुजल्याचा नव्हे. गंधकानें तो थांबतो खरा, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतें. क जीवनसत्त्व तर उन्हांतच बरेंच उतरतें. पालाश मात्र टिकतो. सालींतही तो भरपूर असल्यानें त्या फेंकूं नयेत, खतांत घालाव्या.