आंबा-अव्होकाडोची चटणी : कोणी खावी, कोणी टाळावी?

नाशिकरोडच्या माझ्या दवाखान्यात परवा एका आजींनी विचारले, ''डॉक्टर, नात ते बटरफ्रूट आंब्यात कालवून देते. खाऊ का?'' मी आधी त्यांचा मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहिला आणि 'नको' म्हटले. कारण पुढे सांगतो.

कृती सोपी आहे. फळे सालीसकट धुवावीत. एका पिकलेल्या अव्होकाडोचा गर कुस्करून त्यात अर्ध्या आंब्याच्या फोडी, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबाचा रस व चिमूटभर मीठ घालावे. लिंबामुळे गर लवकर काळा पडत नाही. तरी चटणी त्याच दिवशी संपवावी.

अव्होकाडोच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो. तो बहुतेक असंतृप्त, म्हणजे हृदयाला मानवणारा. पण उष्मांक १६०, म्हणून दोन-तीन चमचे पुरे. वेफर्सऐवजी काकडी-गाजराबरोबर खावी. मधुमेहींनी आंबा बेतानेच घालावा.

याच गरात पोटॅशियम सुमारे ४८५ मिलिग्रॅम, केळ्याहूनही अधिक. मूत्रपिंडे अशक्त असतील तर ते रक्तात साठते व हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चटणी खाऊ नये. आजींना मी काकडीची कोशिंबीर सुचवली.